वळिवड्याचं बंदर

आधी कराचीला जावं लागेल. १९४३ साली कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याला पोचायची वाट कराचीवरूनच होती.

कराचीचे जुने फोटो आणि पोस्टकार्डं ढिगानं मिळतात. साहेबाला हे शहर फार दाखवावंसं वाटायचं, कारण त्यातलं बरंचसं त्यानंच उभारलं होतं. त्यातला केमाडीच्या धक्क्याचा एखादा फोटो घ्या. मधोमध उतरू नका. तिथं क्रेन, बोटीचा दोर आणि हॅट घातलेला कुणीतरी असतो. कडेला या, जिथं हमाल उकिडवे बसलेले असतात आणि फोटो काढणाऱ्याचं लक्ष नसतं. पाय टेकलात की पहिल्यांदा वास येतो, सुक्या मासळीचा, डांबराचा, ओल्या गोणपाटाचा. मग ऊन लागतं.

बोट इराणच्या आखातातून आली आहे. फळीवरून उतरणाऱ्यांत धडधाकट पुरुष जवळजवळ नाहीतच. बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. कित्येक पोरांची डोकी भादरलेली, त्यामुळे मुलगा कोण नि मुलगी कोण हे झटकन कळत नाही. उवा आणि टायफस यांच्या धास्तीनं इराणच्या किनाऱ्यावरच सगळ्यांचे केस उतरवले होते. एका बाईच्या अंगात या उन्हातही लष्करी ओव्हरकोट आहे. तो तिच्या मापाचा नाही, पण ती काढायला तयार नाही.

ही पूर्व पोलंडची माणसं. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. १९४० च्या फेब्रुवारीपासून रशियनांनी यांना घरांतून उचलून मालगाड्यांत भरलं आणि सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. पुढच्या वर्षी हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला पोलिश लोकांची गरज लागली आणि यांची सुटका झाली. पुरुष जनरल आंदेर्सच्या सैन्यात गेले. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ही मंडळी इराणला लागली. वाटेत किती गेले, ते यांना विचारू नका.

बंदरातून बाहेर पडा. ट्राम मिळेल. वर विजेची तार शोधू नका. कराचीची ट्राम पेट्रोलवर धावते. शेजारून उंटगाडी जाते आणि उंट ट्रामकडे ढुंकूनही पाहत नाही. मेरीवेदर टॉवरपाशी घड्याळ बघा, तिथून बंदर रोड सुरू होतो. याच रस्त्यावर पुढं एक मोठी शाळा लागते. पाटी वाचा: नारायण जगन्नाथ हायस्कूल. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, तेव्हा मराठी माणूस इथं कारकुनीपासून शाळाखात्यापर्यंत सगळीकडे होता. नारायण जगन्नाथ वैद्य हे त्यांतलेच एक. १८५५ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी शाळेला त्यांचं नाव मिळालं आणि ते आजतागायत टिकून आहे. रणछोड लाईनच्या बाजूला वळलात तर मराठी कानावर पडेल. फाळणीनंतरही काही मराठी घरं कराचीत राहिली आणि त्यांच्यात अजून गणपती बसतो. पण आपल्याला थांबायला वेळ नाही. पोलिश लोकांना शहराबाहेर वाळूत, तंबूंत ठेवलंय आणि त्यांची पुढची गाडी भरायला लागली आहे.

गाडीचा प्रवास दिवसचे दिवस चालतो. त्यातलं काही फोटोत नाही, आपणही डुलकी काढू.

डोळे उघडता तेव्हा पावसाळा आहे. मीटरगेजची गाडी रुकडी सोडून पंचगंगेवरून खडखडत येते आणि वळिवड्याला थांबते. कोल्हापूर इथून पाचेक मैल. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, त्या फाट्यावरचं हे साधंसं स्टेशन. फलाटावर उतरून पहिलं पाऊल टाकता ते चिखलात. बुटाला चिकटलेली काळी माती पायाबरोबर वर येते आणि पुढच्या पावलाला बूट दुप्पट जड होतो. ओव्हरकोटवाली बाई खाली वाकून बोटानं तो चिखल उकरते, बोटावर चोळून पाहते. शेतकऱ्याघरची असणार. तिचं मत काय झालं ते कळत नाही, पण माती वाईट म्हणायची तिची टाप नाही. हा ऊस पिकवणारा पट्टा आहे.

समोर छावणी. हे फोटो मात्र भरपूर आहेत आणि चांगले आहेत. एका ओळीत बराकी, त्यामागे दुसरी ओळ, त्यामागे तिसरी, पार क्षितिजापर्यंत. दगडी जोतं, वर कौलं, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. एकेका बराकीत ओळीनं बिऱ्हाडं. पाच वर्षांत या वस्तीत सुमारे ५,००० माणसं राहून गेली. दवाखाना, पोस्ट, शाळा, चर्च, सिनेमाचं सभागृह, सगळं कुंपणाच्या आत. जागा कोल्हापूर संस्थानची. खर्चाचा मोठा भार लंडनमध्ये बसलेल्या, स्वतःचाच देश हातातून गेलेल्या पोलिश सरकारनं उचललेला. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसं भुकेनं मरत होती, हेही या फोटोंच्या चौकटीबाहेर नुसतं लक्षात असू द्या.

एका ओवरीवर जरा बसा. तट्ट्याची भिंत डोळ्याला अडवते, कानाला अडवत नाही. पलीकडे कुणीतरी खोकतंय, त्याच्या पलीकडे प्रार्थना चालू आहे, आणखी पलीकडे दोन बायका भांडताहेत. शब्द कळत नाहीत, पण भांडण चुलीवरून आहे हे ऐकताच समजतं. तट्ट्याला हात लावून बघा. पावसानं तो फुगलेला, हाताला ओशट लागतो, फटीत एक गोगलगाय बसली आहे. खिडकी म्हणजे याच तट्ट्याचा एक तुकडा, काठीनं वर उचलून टेकवलेला. काठी सरकली की खिडकी आपोआप बंद.

कुंपणाच्या बाजूनं डोक्यावर पाटी घेतलेली बाई येते. फोटोंत ही अशीच असते, कडेला, अर्धी कापलेली, तोंड दुसरीकडे. आज तुम्ही तिच्याच बाजूला आहात.

"कुठनं आलासा?" ती विचारते.

"कोल्हापुरातनं."

"मग काय बघायला आलासा? माणसंच हैत ती बी." आणि पाटी उतरवून ती मोठ्यानं ओरडते, "यायका! यायका!" बराकीतून दोन बायका भांडी घेऊन बाहेर येतात. तुमचा चेहरा बघून ती हसते. "अंडी अंडी म्हणून वरडलं तर एक बी बाई भाईर येत न्हाई. त्यांचं त्यांच्यात इचारून शिकलो न्हवं."

दूधवाल्याचा "म्लेको" तुम्हाला पुढच्या ओळीत ऐकू येईल. वळिवड्याच्या फेरीवाल्यांना पोलिश यायचं, हे त्या छावणीत वाढलेली माणसं म्हातारपणीही कौतुकानं सांगत. छावणीतल्या मुलांना मराठी किती यायचं, हे मात्र कमी जणांनी सांगितलंय.

आता फोटो बघत बघत ओळींमधून फिरा. क्राकोच्या पोशाखात नाचणाऱ्या मुली: फोटोत सगळं करडं, इथं मात्र लाल घागरा, मण्यांची चोळी आणि केसांत रिबिनींचा नुसता गुलाल. पहिल्या कम्युनियनची पांढरी फ्रॉक घातलेली ओळ, त्यांतल्या एकीचे केस आत्ता कुठे कानापर्यंत वाढलेत. स्काउट मुलं, ढोपरापर्यंत मोजे, ताठ. उन्हात काढलेली धार्मिक मिरवणूक, पुढं पाद्री, मागं झेंडे, आणि उजव्या कडेला एक गाय, जिला मिरवणुकीशी काही देणंघेणं नाही. मला या सगळ्या संचात ती गायच सगळ्यांत जास्त विश्वासार्ह वाटते.

एवढे फोटो का काढले असतील? कोल्हापूरच्या माणसानं हा प्रश्न विचारू नये खरं तर. आपल्या गावानं विलायती कॅमेरा परवडत नाही म्हणून तो इथंच बनवला. बाबूराव पेंटरांनी त्या कॅमेऱ्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. पण बाबूराव गोष्ट सांगायला चित्र घेत होते. छावणीतली माणसं पुरावा करत होती. सगळी कागदपत्रं, सगळी चित्रं, आजोबांच्या मिशा असलेला एकमेव फोटो एका रात्रीत मागं राहिलेल्या माणसांना कॅमेरा दिसला की ती रांगेत उभी राहणारच.

पोस्टापाशी थांबा. इथं गर्दी कायम. १९४४ ची पत्रं इटलीहून येताहेत, कारण आंदेर्सचं सैन्य तिथं लढतंय. १८ मे रोजी पोलिश तुकडी मोंते कसिनोच्या मठात शिरली. पत्र आलं तर नवरा जिवंत, हा इथला हिशेब. हाच हिशेब सातारा-कोल्हापूरच्या खेड्यांतून चालू आहे. मराठा पलटणीही इटलीतच आहेत. १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे तिथं धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पुढच्या एप्रिलमधल्या लढाईसाठी नामदेव जाधवांना मिळाला. म्हणजे वळिवड्यातली पोलिश बाई आणि शेजारच्या गावातली पलटणवाल्याची आई एकाच देशाच्या टपालाची वाट बघत होत्या. त्यांची कधी गाठ पडली असेल तर अंड्यांवरूनच पडली असेल.

आणि इटली कोल्हापूरला नवी नव्हती. १८७० मध्ये विशीतले राजाराम महाराज मुंबईहून बोटीनं विलायतेला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं. तिथं त्यांची छत्री उभी राहिली, आत अर्धपुतळा. फ्लॉरेन्सच्या त्या बागेचे जुने फोटो पाहा, पाइनच्या झाडांमध्ये आपली छत्री अशी उभी आहे की कुणीतरी पंचगंगेच्या घाटावरून उचलून ठेवली असावी. इकडे कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश कबरी आहेत. तोडीस तोड.

रविवारी पोरं पंचगंगेत पोहायला जातात. त्यांच्या मागून नदीच्या काठानं पश्चिमेला चालत राहिलात तर शहराच्या टोकाला ब्रह्मपुरीची टेकडी येते. १९४५-४६ चा फोटो: चौकोनी खड्डे, काठावर टोपल्या, खाली उतरणारी पायऱ्यांसारखी माती. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित इथं उत्खनन करताहेत. सातवाहनांचं कोल्हापूर वर येतंय. त्याच्या थोडं आधी याच टेकडीत ब्राँझच्या वस्तूंचा साठा हाती लागला होता आणि त्यात छोटासा एक नागडा, दाढीवाला पुरुष होता. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. हातातलं आयुध गेलेलं, ऐट शाबूत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत रोमनांची गलबतं कोकणच्या बंदरांना लागायची. तिथून घाट चढून, बैलांच्या पाठीवरून हा देव इथं आला असणार. आज तो टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. शाळेच्या सहलीतली पोरं त्याला बघून खुदखुदतात आणि पुढं तलवारी बघायला पळतात.

मला या योगायोगाचं फार नवल वाटतं. समुद्रापासून एवढ्या आत, सह्याद्री मध्ये असताना, ज्या सुमारास समुद्रदेव मातीतून वर आला त्याच सुमारास पाच मैलांवर समुद्र ओलांडून आलेली माणसं बटाटे सोलत होती. त्याच काळात संस्थानच्या शिकारखान्यासाठी आफ्रिकेतून चित्तेही बोटीनंच आणलेले. भूगोलाच्या पुस्तकात कोल्हापूरला बंदर नसेल. बोटीवरून आलेला ऐवज मात्र इथं बराच उतरला आहे.

आता पानं भराभर उलटा, कारण घटनाही भराभर घडल्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टात तीन पुढारी बसले आणि यांची गावं नकाशावर रशियात गेली. युद्ध जिंकलेल्या बाजूची ही माणसं, आणि जायला घर नाही. १९४६ मध्ये जामनगरजवळच्या बालाचडीहून अनाथ मुलं वळिवड्यात आली. जामसाहेब दिग्विजयसिंहांनी त्यांना चार वर्षं सांभाळलं होतं. मग ऑगस्ट १९४७. ज्या सरकारच्या परवानगीनं ही वस्ती होती ते सरकारच निघून गेलं. बायकांनी ट्रंका भरल्या. कुणी इंग्लंडला, कुणी आफ्रिकेतल्या छावण्यांत, कुणी पुढं ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला. एक मुलगी कोल्हापुरातल्या घरात सून म्हणून राहिली. फलाटावरच्या निरोपाच्या फोटोंत सगळ्यांचे केस लांब आहेत.

जानेवारी १९४८ च्या शेवटी गांधीजींचा खून झाला आणि कोल्हापुरात घरं पेटली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला. त्या काळची फिल्म कागदापेक्षा भरभर जळते. कोल्हापूरचे जुने फोटो शोधणाऱ्यानं ही तारीख ध्यानात ठेवावी. बरंच काही काळाच्या ओघात गेलं असं आपण म्हणतो, त्यातलं काही काडी लावून गेलं आहे.

पुन्हा कराची. तोच टॉवर, तोच बंदर रोड, तोच केमाडीचा धक्का, पण आता गर्दीचं तोंड समुद्राकडे आहे. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि राहू की जाऊ या विचारात असलेले सिंधी हिंदू निघाले. बोटी मुंबईला लागतात. कल्याणजवळच्या लष्करी छावण्या भरून गेल्या, तेव्हा कुणीतरी कागदावर बोट ठेवलं: वळिवडे, कोल्हापूरजवळ, बराकी रिकाम्या.

तुम्ही परत त्याच ओवरीवर. तट्टे आता जुने, काही ठिकाणी फाटलेले, फटीत चिंध्या कोंबलेल्या. पलीकडे कुणीतरी खोकतंय. वास बदललाय, तळलेल्या कांद्याचा आणि पापडाचा. एक म्हातारे गृहस्थ कोट, टोपी अशा थाटात दारात बसलेत. हैदराबाद सिंधमध्ये की शिकारपुरात त्यांची पेढी होती. समोर एका खाटेवर कापडाचे चार तागे मांडलेत. अंडेवाली बाई तागा हातात घेऊन सूत बघते, भाव करते, आणि तिला नव्यानं एक भाषा शिकावी लागणार हे तिच्या ध्यानात आलेलं दिसतं.

ही ओवरी मी तुम्हाला फोटोतून दाखवली नाही, हे तुम्ही ओळखलं असेल. या दुसऱ्या खेपेचे फोटो शोधायला जा, मग अडचण कळते. पोलिश माणसांनी फोटो ट्रंकेत घालून जगभर नेले, आल्बम लावले, म्हातारपणी एकमेकांना शोधून संघटना केली, भारतातल्या दिवसांचं जाडजूड पुस्तक काढलं. ती निघून गेली होती, म्हणून वळिवडे त्यांच्यासाठी आठवण झालं. सिंधी माणूस इथंच राहिला. त्याला वळिवडे म्हणजे उद्या सकाळी उघडायचं दुकान होतं. रोज ज्या भिंतीला पाठ टेकायची तिचा फोटो कोण काढतो? हा माझा तर्क. पण त्याचा परिणाम उघड दिसतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यात पोलिश छावणीचं स्मारक झालं, पोलंडहून पाहुणे आले, म्हातारे माजी रहिवासी आले, वाकून मातीला हात लावून गेले. शहरात महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आहेच. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली, ते कोल्हापुरात प्रत्येकाच्या फोनवर फिरलं. कोल्हापूरकरांचं मन मोठं, असं भाषणात येतंच, आणि ते ऐकायला कुणाला आवडत नाही? पण मोठेपण सांगायचं तर दुसऱ्या खेपेचंही सांगायला हवं. पाच वर्षांसाठी आलेला पाहुणा सांभाळणं त्या मानानं सोपं. कायमचा शेजारी, तोही आपल्याच पेठेत आपल्यापेक्षा स्वस्त विकणारा, त्याच्याबरोबर पाऊणशे वर्षं नांदणं याला जास्त दम लागतो. त्याचा स्तंभ कुठं नाही.

आज यायचं तर कोल्हापुरातून रिक्षा करा, गांधीनगर म्हणा, छावणीच्या जागेचं आताचं नाव तेच. रिक्षावाला विचारेल, "लगीन हाय काय घरात?" कारण बस्ता बांधायला सगळा जिल्हा इथं येतो, निपाणीपासून, चिकोडीपासून माणसं येतात. बराकींच्या रांगांवर आता दुकानांच्या रांगा आहेत. मधून एखादं जुनं दगडी जोतं, एखादी कौलांची उतरण फ्लेक्सच्या मागे डोकावते. साड्यांचे गठ्ठे उतरवणारे हमाल, हँडकार्ट, पार्किंगवरून वाद.

कुठल्याही जुन्या दुकानात शिरा. गल्ल्यामागं मोठ्या फ्रेममध्ये झुलेलालची तसबीर, शेजारी हार घातलेला आजोबांचा फोटो. स्टुडिओत काढलेला, मागं रंगवलेला पडदा. विचारा, याच्या आधीचा एखादा फोटो आहे का, छावणीतला. दुकानदार अस्सल कोल्हापुरीत म्हणेल, "न्हाई हो, तसलं काय न्हाई. आजोबा सांगायचे तेवढंच." एवढ्यात मागून तीन बायका आत शिरतात, एकीच्या हातात आहेराची यादी. त्याचं लक्ष तिकडं जातं. मग तुमच्याकडे वळून तो विचारतो, "तुमास्नी काय दाखवू? सुट्टं पायजे का गठ्ठ्यावर घेताय?"